मालकाची सही

मखमलाबादच्या गयाबाईला झेंडूचे पैसे ठेवायला पतसंस्थेत खातं काढायचं होतं. साल शहाण्णव. क्लार्क म्हणाला, "खातं मालकांच्या नावानं निघेल. फॉर्म घरी न्या, त्यांची सही घेऊन या."

घरी मालक, म्हणजे तिचा नवरा कारभारी, दुपारचा घोरत होता. उठवलं असतं तर आधी चहा, मग तंबाखू, मग हजार प्रश्न. गयाबाईनं त्याच्या नावाची सही स्वतःच ठोकून दिली. पुढं पैसे काढायच्या स्लिपवरही तीच करत राहिली.

काही वर्षांनी कारभारीला मोटारसायकलची हुक्की आली. तो स्वतः पतसंस्थेत गेला आणि ऐटीत सही केली. क्लार्कनं ती जुन्या सहीशी ताडून पाहिली.

"ही सही बनावट आहे."

"अहो, कारभारी मीच हाय."

"असाल. पण कारभारींची सही अशी नसते."

आता रोज संध्याकाळी कारभारी पाटीवर स्वतःची सही गिरवतो. गयाबाई चष्मा लावून बघते आणि पाटी पुसून परत त्याच्या हातात देते.

"काना अजून वाकडा येतोय. मोटारसायकलचं पुढच्या दसऱ्याला बघू."