झाकणाआडची सही

घराबाहेरच्या भिंतीवर प्लग पॉइंट बसवला, मी एकटीने! आतल्या सॉकेटपासून वायर नेली, पाणी आत येऊ नये म्हणून भोकाला बाहेरच्या बाजूला उतार दिला. माझे बाबा वायरमन. कुणाचंही काम असो, तपासून झाकणाआड स्वतःची सही केल्याशिवाय मेन चालू करत नाहीत. पसंत नाही पडलं, तर सरळ उखडतात. त्यांनी झाकण खोललं, एकेक वायर ओढून पाहिली.

"अर्थिंग?"

"सगळ्यात आधी तेच जोडलं."

त्यांनी खिशातून पेन काढलं आणि थबकले. आत माझी सही होती, चांगली ठसठशीत, मार्करने.

"आणि मी नापास केलं असतं तर, शहाणे?"

"बाबा, शिकवलंय कुणी मला?"

बाबांनी पेन खिशात ठेवलं, झाकण लावलं आणि मेन चालू केला.