चिकटलेली दोन पानं

"कादंबरीतला तो पंख मोडलेला करकोचा म्हणजे त्या मुलाचं बालपण. म्हणून तो मरतो," असं बाईंनी वर्गात सांगितलं, आणि ती तणतणतच घरी आली. बाबांनी तिला हीच कादंबरी कितीदा वाचून दाखवली होती, आणि त्यांच्या वाचनात करकोचा एकदाही मेला नव्हता! तिने घरातली जुनी प्रत काढून चाळली. शेवटाजवळची दोन पानं एकमेकांना चिकटवलेली होती.

"मला कळू नये म्हणून चिकटवलीत ना?"

"छे गं! मी लहान असताना माझ्या आईने चिकटवली. का, ते काही बोलली नाही."

ती बघतच राहिली. बाबा बाइंडर होते. चिकटलेली पानं ओलं फडकं फिरवून अलगद सोडवणं हा तर त्यांचा रोजचा धंदा.

"आणि तुम्ही कधीच उघडून पाहिलं नाहीत?"

"आईने बंद केलेलं मी कशाला उघडू? पुढच्या पानावर मुलगा एकटाच घरी येतो. म्हणजे करकोचा उडून गेला असणार, असं मी आपलं धरून चाललोय." बाबांनी खळीने बरबटलेले हात पुसले आणि जरा पुढे वाकून विचारलं, "बाई काय म्हणाल्या गं? उडाला ना तो?"

पिकल्या भुवयांखालचे ते डोळे तिने पाहिले, आणि तिचा राग कुठल्या कुठे पळाला.

"उडाला की!" ती म्हणाली. पानांचा एक कोपरा सुटत आला होता. तिने बाबांचा ब्रश उचलला आणि त्या कोपऱ्याला नीट खळ लावली.