समुद्राकडचा फाटा

या, असे जवळ सरकून बसा. टाळ घटकाभर खाली ठेवा. आज अभंगाचं निरूपण नाही, आपल्याच मखमलाबादच्या छायाबाईंची गोष्ट सांगतो.

फाट्यावर गाडी थांबली होती. सरळ जाणारा रस्ता रुंद, गुळगुळीत. दुसरा खाली उतरून समुद्राच्या कडेकडेनं वळत जाणारा, जेमतेम एका गाडीपुरता. टपरीवाला म्हणाला होता, "देखावा बघाल तर डोळ्यांचं पारणं फिटेल. पण समोरून एसटी आली की तुम्हालाच मागं यावं लागेल."

छायाबाईंच्या दिरानं, चिमाजीनं, स्टिअरिंग घट्ट धरलं होतं, पण गिअर काही टाकत नव्हता.

"पंचवटीत रिक्षाला गाडी घासता तुम्ही," त्याची बायको मनीषा मागून म्हणाली. "इथं तर खाली समुद्र आहे. गुमान मोठ्या रस्त्यानं घ्या."

"तू गप गं जरा."

पुढच्या सीटवर चिमाजीची आई, अंबूबाई. मांडीवर घरच्या मळ्यातल्या झेंडूचा हार, ओल्या फडक्यात गुंडाळलेला. ती समुद्राकडे बघत राहिली.

छायाकडे मात्र कुणी बघत नव्हतं. छाया थोरली सून, चिमाजीच्या भावाची, ललितची बायको. ललित निफाडची द्राक्षं टेम्पोत भरून कोकणात आला होता, आणि याच खालच्या रस्त्यावर एका वळणाला टेम्पोसकट कड्यावरून गेला. टेम्पो खडकात सापडला. ललित सापडला नाही.

सापडला नाही म्हणजे गेला, असं म्हणता येत नाही. बारा वर्षं वाट बघायची, मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, असा रिवाज. तोवर बायकोनं कुंकू लावायचं. आणि कुंकवाच्या बाईनं नवऱ्यासाठी रडायचं नाही. अगदी सुरुवातीला छायाला हुंदका फुटला, तेव्हा अंबूबाईनं तिच्या तोंडावर हात दाबला होता. "रडू नको गं. तू रडलीस की तो मेला." तेव्हापासून छाया रडली नव्हती. स्वतःचा बाप गेला तेव्हाही ती जपूनच रडली. न जाणो, त्यात दुसऱ्या कुणासाठीचं रडू मिसळायचं.

यंदा बारा वर्षं भरली. त्र्यंबकला विधीचा दिवस ठरला. अंबूबाईनं एकच अट घातली. "आधी मला तिथं न्या. पोराला हार देते. त्यानं घेतला, की मग करा काय करायचं ते." म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत ही सहल काढलेली. गणपतीपुळ्याचं दर्शन हे आपलं लोकांना सांगायला.

"वहिनी," चिमाजी आरशातून म्हणाला, "तुम्हाला सोसणार नसेल तर इथूनच हात जोडू. तुम्ही म्हणाल तसं."

सगळ्यांना छायाचीच काळजी. छायाला मात्र त्या रस्त्याची भीती नव्हती. तिला त्याच्या पलीकडे पोचायचं होतं. हार द्यायचा, विधी उरकायचा आणि एकदा पोटभर रडायचं. बाकी काही मागणं नव्हतं तिचं.

"खालच्या रस्त्यानं घ्या भाऊजी," ती म्हणाली.

रस्ता खरंच सुंदर होता, त्याला कोण काय करणार! एका अंगाला जांभ्या दगडाची दरड, दुसऱ्या अंगाला उन्हात चमचमणारं निळं पाणी. चिमाजी पहिल्या गिअरमध्ये हॉर्न वाजवत, रामनाम घेत चालला होता. एका वळणावर कठड्याचा तुकडा वेगळ्या रंगाचा, मागाहून बांधलेला दिसला. छायानं खिडकीतून खाली पाहिलं. तेवढं पुरलं. इथून गेलेला माणूस कुणाच्या कुंकवानं परत येत नसतो.

वळणापलीकडे रस्ता वाळूला टेकला. सगळी उतरली.

अंबूबाईचा जन्म रामकुंडावर फुलं विकण्यात गेलेला. कुठकुठची माणसं अस्थी घेऊन यायची, तिच्याकडून हार घ्यायची, आणि गोदावरी, आपली गंगा, तो हार पुढं घेऊन जायची. पुढं गेला म्हणजे गेलेल्यानं घेतला, असं सांगून तिनं किती जणांचे डोळे पुसले असतील. एखादा हार फिरून घाटाला लागला, की तिच्या जिवाची घालमेल व्हायची.

ती गुडघाभर पाण्यात गेली. "घे रे बाळा," म्हणत तिनं हार सोडला. लाट मागं सरली, हार ओढून घेऊन गेली. छायाच्या आत कोंडलेलं सगळं वर येऊ लागलं.

पुढच्या लाटेनं हार आणून अंबूबाईच्या पायांवर टाकला.

तिनं पुन्हा सोडला. तो पुन्हा आला.

म्हातारी वळली. ललित गेल्यापासून तिचा चेहरा असा उजळलेला कुणी पाहिला नव्हता.

"छाया! नाय घेतला गं! तो तिकडं नाहीच. माझं पोर हाय कुठंतरी!"

छायाच्या पायाशी वाळूत एक तुटकी चप्पल पडली होती, रिकामी शहाळी, कुणाच्या पूजेचा नारळ. त्याच लाटांनी आणून टाकलेलं. समुद्र ही गंगा नव्हे. तो सगळ्यांचं सगळंच परत आणतो. चिमाजीच्याही ते ध्यानात आलं.

"आई, अगं समुद्र सगळंच..."

"भाऊजी," छायानं त्याला मध्येच तोडलं, "त्र्यंबकच्या गुरुजींना फोन करा. विधी करायचा नाही म्हणावं."

मग ती पाण्यात शिरली. म्हातारीचा हात धरून म्हणाली, "हो आत्याबाई. नाही घेतला त्यांनी."

आणि वर आलेलं रडू तिनं गिळून टाकलं.

उठायच्या आधी एवढंच मागतो. घरचं कुणी आठवून कधी डोळे भरून आले, तर त्यातला एक थेंब ललितच्या नावानं पडू द्या. अंबूबाई अजून हयात आहेत; छायाबाईंना अजून रडता येत नाही.