वर्षभराचा कोरा चहा

शिंप्याच्या दुकानातली काजं-बटणं वीस वर्षं त्याची बायकोच करायची. पुढे तिच्या बोटांच्या कातडीखाली हरभऱ्याएवढे खडे उठले. एखादा फुटला की खडूसारखं पांढरं बाहेर यायचं. हे कॅल्शियम आहे, असं गल्लीतल्या डॉक्टरांनी म्हटल्यावर शिंप्याने तिचं दूध बंद केलं. दुधाच्या चहावर जीव असलेली ती वर्षभर मुकाट्याने कोरा चहा प्यायली. आज मोठे डॉक्टर रिपोर्ट पाहून म्हणाले, "दुधाचा याच्याशी संबंध नाही." "मग खडे काढून टाका," शिंपी काकुळतीला आला. "काढले तरी पुन्हा येतात. जपायचं, एवढंच आपल्या हातात." घरी येताच त्याने दुधाचा चहा केला आणि कप तिच्या ओठांशी धरला, तिला तो धरवत नव्हता. तिने घोटभर घेऊन तोंड फिरवलं. "राहू द्या. आता कोऱ्याचीच सवय झालीय." चहावर साय धरली तरी शिंपी कप हातात घेऊन तसाच उभा होता.