आजोबांचे सतरा

"किती वेळ लागेल?" पन्नाशीतल्या मुलाने तिसऱ्यांदा विचारलं. धारवाल्याने अजून चाक सुरूसुद्धा केलं नव्हतं.

अकराला त्याच्या सिक्युरिटी एजन्सीचं उद्घाटन होतं. फीत आजोबांच्या तलवारीने कापणार, असं त्याने पत्रिकेत छापून टाकलं होतं. वर ठळक अक्षरांत: 'सतरा शत्रूंना लोळवणाऱ्या घोडेस्वाराच्या घराण्याकडून.' सकाळी घरी तालीम केली, तर फीत कापली जाईना, नुसती पात्यावर लोंबत राहिली. तेव्हापासून त्याच्या पायाला भिंगरी लागली होती. फोन कानाला लावून तो दुकानातून रस्त्यावर आणि रस्त्यावरून दुकानात करत होता.

बाकावर त्याचे वडील बसले होते. चौऱ्याऐंशी वर्षांचे, चित्रकलेचे निवृत्त मास्तर. त्या घोडेस्वाराचा हा एकुलता एक मुलगा. उभ्या आयुष्यात त्यांनी कुणावर हात उगारला नाही, आणि त्याबद्दल जन्मभर ऐकून घेतलं. "बाप काय होता आणि हा काय निघाला!" नातेवाईक तोंडावर म्हणत. चिडला की मुलगाही म्हणे. त्यांना ते लागायचं. या वयातही लागायचं.

धारवाल्याने पात्यावरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"साहेब, हिची धार गेलेली नाही. हिला कधी लागलेलीच नाही."

"म्हणजे?"

"घोडदळाच्या तलवारी कारखान्यातून बोथट यायच्या. लढाईचा हुकूम सुटला की स्वार रांग लावून धार करून घ्यायचे. माझे पणजोबा पलटणीत तेच काम करायचे. हिच्या मालकाने रांग चुकवली."

"मग आजोबा लढाईला गेलेच नाहीत?" मुलाचा आवाज एकदम खाली आला. पत्रिका तर गावभर वाटून झाल्या होत्या.

"गेले ना! या खाचा बघा. मारणाऱ्याच्या खाचा टोकाकडे पडतात. या सगळ्या मुठीजवळ आहेत. यांनी समोरच्याचे घाव नुसते अडवलेत." धारवाल्याने बटणावर बोट ठेवलं. "लावू धार? मात्र चाक फिरलं की खाचा जातील."

"लावा, लावा! साडेदहा वाजले."

"थांबा," वडील म्हणाले. इतक्या मोठ्याने, की मुलाने फोन खाली घेतला.

ते उठले. तलवार मागून घेतली आणि मुठीपासून एकेका खाचेवर नख टेकवत पुटपुटू लागले. मुलगा घड्याळ बघत होता. शेवटच्या खाचेवर नख थांबलं.

"सतरा."

वडील मुलाकडे वळले.

"लढाईचं विचारलं की बाबा एवढंच म्हणायचे. सतरा. पुढचं लोकांनी जोडलं." त्यांना हसू येत होतं आणि डोळेही भरले होते. "मीसुद्धा."

"बाबा, अहो, पाहुणे यायला लागलेत! मी फीत कशाने कापू?"

वडिलांनी तलवार म्यानात सारली आणि काखेत घट्ट धरली. धार लावून ठेवलेल्या कात्र्या फळीवर मांडल्या होत्या. त्यांतली एक उचलून त्यांनी मुलाच्या हातात दिली.

"फितीला ही पुरे."