सातवं नाव

"एका मिथुनच्या बदल्यात करंजावाले दोन बॅट्समन देत व्हते," बळीरामनं टेबलावर थाप मारली. "आनि आमी शाने, नाय म्हनलो. तितंच चुकलो."

"चार दिले असते तरी तोटाच व्हता," काशिराम म्हणाला.

पनवेल कोळीवाड्याच्या क्रिकेट मंडळाची बैठक सकाळी दहाला सुरू झाली होती. बारा वाजले तरी विषय एकच. मैदानावर मंडळाचा मानाचा फलक आहे, त्यावर आजवरच्या सहा खेळाडूंची नावं आहेत. सातवं कुणाचं यावरून दर दोन-चार वर्षांनी डोकी तापतात. यंदा, म्हणजे २०१६ साली, काशिरामनं मिथुनचं नाव सुचवलं आणि बळीरामचा पारा चढला.

मिथुन टेनिस बॉलचा बोलर. चार मोसम खेळला आणि चारही गाजवले. पुढे २००४ च्या मे महिन्यात करंजाविरुद्धच्या फायनलला तो मैदानावर आलाच नाही. कोळीवाडा अकरा धावांनी हरला. कुणी म्हणालं, मिथुननं करंजावाल्यांचे पैसे घेतले. कुणी म्हणालं, त्याच पैशांवर दुबईला गेला. बघितलं कुणीच नव्हतं, पण महिन्याभरात सगळ्यांना खात्री झाली.

त्याची आई सोनाबाई आत्ता दारातच बसली होती, चपलांच्या शेजारी. बारा वर्षांत तिला कोळीवाड्यात कुणी हळदीला बोलावलं नव्हतं. बाजारात तिची मासळीची पाटी दिसली की ओळखीचे लोक शेजारणीकडे वळायचे. आज काशिराम तिला घरी जाऊन घेऊन आला होता. "तुज्या पोराच्या नावाचा डाग आज पुसतो, काकी," असं त्यानं कबूल केलं होतं.

"चार मोसमांत शहान्नव विकेट," काशिराम म्हणाला. "तुळशीरामला तेवढ्यासाठी अकरा वर्सं लागली. त्याचं नाव फलकावर हाय ना?"

"तुळशीरामला उरणवाल्यांनी मोटारसायकल दाखवली. त्यानं वळूनपन बघितलं नाय," बळीराम म्हणाला. "आनि तू नको बोलू. पोरगा तुज्याच ताब्यात दिला व्हता."

हे मात्र खरं होतं. फायनलच्या आदल्या दिवशी आपला भारी खेळाडू लपवून ठेवायचा, अशी तेव्हाची रीतच होती. नाहीतर समोरचे बाटली घेऊन यायचे, पैसे घेऊन यायचे. काशिराम संघाचा मॅनेजर. त्यानं मिथुनला स्वतःच्या होडीत ठेवलं होतं.

"होडीच्या पोटात, मासळीच्या बर्फाच्या खणात कोंडलंस त्याला! वरून फळ्या घातल्यास! पळंल नाय तर काय करंल?"

दोघं-तिघं हसले.

"सकाळी फळ्या काढल्या तर खण रिकामा," काशिराम म्हणाला. बारा वर्षं तो हे एवढंच सांगत आला होता, एक शब्द इकडचा तिकडे न करता. त्या हरण्याचा त्यालाही धक्का बसला होता. महिन्याभरात त्यानं होडी विकली, समुद्र सोडला आणि मैदानाकडे कित्येक वर्षं फिरकला नाही. एवढं मनाला लावून घेणारा चाहता दुसरा झाला नाही, असं गाव म्हणायचं.

सेक्रेटरी शैलेश बँकेत नोकरीला. विचुंब्याच्या फ्लॅटवरून येताना लॅपटॉप घेऊनच यायचा. "मी सगळ्या जुन्या मॅचेसचं कॅल्क्युलेशन केलंय," तो म्हणाला. "मिथुनच्या ओव्हरला सरासरी चार रन्स. बाकी कुणाचीही सातच्या खाली नाही. डेटा काशिरामकाकांच्या बाजूने आहे."

"डेटा ऱ्हाऊ दे. पैसे खाल्ले त्याचं काय?"

काशिराम उठून उभा राहिला. "बळीराम, करंजासाठी तो नंतर एक तरी मॅच खेळला? त्यांनी पैसे देऊन त्याला काय देव्हाऱ्यात ठेवला?"

एवढा साधा विचार इतक्या वर्षांत आपल्याला कसा सुचला नाही, याचं बळीरामला नवल वाटलं असावं. तो दाराकडे बघत म्हणाला, "तेपन खरंच. घ्या मत."

नऊच्या नऊ हात वर गेले. सोनाबाईनं पदर तोंडाला लावला. काशिराम मटकन खुर्चीत बसला. त्याला रडू येत होतं आणि ते लपवायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

शैलेश मंडळाच्या नियमांची वही चाळत होता. तो ओशाळून म्हणाला, "एक प्रॉब्लेम आहे. हयात खेळाडूचं नाव फलकावर लावता येत नाही. पूर्वी एकाचं लावलं आणि पुढच्या मोसमाला तो पेणच्या संघाकडून खेळला. तेव्हापासून नियमच केलाय."

काशिरामला हे आठवतच नव्हतं.

"मंग ठराव करून ठेवा," बळीराम म्हणाला. "मिथुन दुबईला मजेत हाय. त्याचं व्हईल तवा लावू नाव."

"नको लावू आत्ता," सोनाबाई दारातून म्हणाली. भिंतीला धरून ती उठली. बारा वर्षांत तिला असं हसताना कुणी बघितलं नव्हतं. "तुमी त्याला चोर म्हनत नाय ना, बास झालं. लाजंपाई येत नव्हता माजा पोर. आता येल. दुबईला कोन असंल त्याला सांगा, गावानं माफ केलंय म्हना. मी थांबते. आजपास्नं भाकरी जास्ती थापते."

"नको थापू, काकी," काशिराम म्हणाला. मग शैलेशच्या हातातली वही त्यानं मिटली. "नाव लाव. नियमात बसतंय."