बोंबलांखालचं गेस्टबुक

"वेबसाइट म्हणजे काय, दुकानाचा बोर्डच की! दुकानाचा बोर्ड मीच रंगवला, हाही मीच रंगवणार," सुलेमानशेठ म्हणाले.

"चाचा, मी करून देते ना," सायबर कॅफेवाली झरीन म्हणाली. "दोन दिवसांचं काम."

"तू फक्त कॉम्प्युटर चालू करून दे. पुढचं मला कळतं."

पुढचं कळायला तीन महिने गेले. सुलेमानशेठचं मिरकरवाड्यात सुक्या मासळीचं दुकान. साइटवर पहिला फोटो चढला तो उलटा. बोंबील उलटे आहेत हे कुणाच्या लक्षातही आलं नसतं, पण शेजारी शेठ स्वतः उलटे उभे होते. मग भावाचा तक्ता चढला. पांढऱ्यावर पांढरा.

"चाचा, काही दिसत नाही."

"माऊस फिरवला की दिसतं. गिऱ्हाइकाला जरा हात हलवायला काय झालं?"

शेवटी त्यांनी बोंबलांच्या खाली गेस्टबुक लावलं. गिऱ्हाइकांनी कौतुकाचे दोन शब्द लिहावेत म्हणून.

कौतुक आलं नाही. दोह्याहून वाड्यातल्याच मुझम्मिलचा निरोप आला. इंग्रजी अक्षरांत मराठी. 'चाचा, अम्मीला सांगा पोचलो. फोन लई महाग आहे.'

शेठनी सांगितलं. तिथंच चुकलं.

महिन्याभरात अर्धं आखात त्यांच्या बोंबलांखाली येऊन बसलं. दुकानात बायकांची रांग लागली. त्यातल्या एकीलाही पावशेर सुकट नको होती. सगळ्यांना झरीनने छापून दिलेले निरोपांचे कागद वाचून हवे होते.

"शेठ, माझ्या लवूचं काय आलंय?" भाट्याच्या जनीने विचारलं.

शेठनी कागद नाकापासून लांब धरला. "जुलाब."

"अगो बाई! किती वेळा?"

"आकडा लिहिलाय. वाचू?"

"वाचा तर! आईला कळायला नको?"

शेठनी वाचलं. रंगासकट वाचलं. बाजूला उभं असलेलं दिवसातलं एकमेव खरं गिऱ्हाईक हातातली सुकट खाली ठेवून निघून गेलं.

"शी!" दुपारी जेवताना शेठ बायकोला, नसीमाला म्हणाले. "माझ्या मालाखाली लोक गळवं फोडतात! एकाने विचारलं, नायट्याला काय लावू? दुसऱ्याने त्याच्या खाली औषध सांगितलं."

"बरं झालं का मग त्याचं?"

"मला काय ठाऊक!"

"लिहिलं असेल की. नीट बघा जरा."

शेठनी ताट सरकवलं.

मे उजाडला. माळा मासळीने गच्च भरला होता. पाऊस लागला की तिला बुरशी धरणार आणि मग ती कुत्रंही खाणार नाही. "हा माल गेला नाही तर दुकानाला कुलूप," असं शेठ रांगेतल्या प्रत्येक बाईला ऐकवत. बाया चुकचुकत आणि पुन्हा आपापला कागद मागत.

तेवढ्यात दोह्याहून ईमेल आला. कामगारांच्या कॅम्पवरच्या मेसचा मॅनेजर. 'तुमची सगळी मासळी घेण्याचा विचार आहे. शुक्रवारी साइट बघतो, मग कळवतो.'

गुरुवारी सकाळी शेठ झरीनच्या कॅफेत कॉम्प्युटरसमोर हजर.

"काय पुसताय, चाचा?"

"घाण! मेसवाला बोंबील बघायला येणार आणि त्याला लवूचे जुलाब दिसणार. तो काय जेवणार आणि दुसऱ्यांना काय जेवायला घालणार?"

"अहो, पण एवढे निरोप..."

"मी मासळीवाला आहे. पोस्टमन नाही."

शेठनी गेस्टबुक मुळापासून उडवलं. त्या जागी गुलाबाच्या फुलांची किनार लावली. पहिल्यांदाच सगळं सुलटं लागलं.

दुपारी जनी आली. "आज काही नाही?"

"बंद केलं. कायमचं."

"बरा झाला का, एवढंच..."

"बंद म्हणजे बंद!"

जनीने पायरीवरच्या वहाणा पायात सरकवल्या. मग गेली. तिच्यामागे रांगही गेली. सहा महिन्यांत पहिल्यांदा शेठना आपल्या दुकानाची फरशी दिसली. त्यांनी ती धुऊन घेतली.

शनिवारी उत्तर आलं. चष्मा घरी राहिला होता, म्हणून झरीनने वाचून दाखवलं.

'शेठ, आम्हाला केरळची मासळी स्वस्त पडते आणि चांगलीही असते. तुमचीच घ्या म्हणून आमच्या ऐंशी माणसांनी सह्या करून अर्ज दिला होता. तुमचं दुकान बुडतंय असं त्यांना घरून कळलं होतं. दुकान बुडालं तर आमचे निरोप कोण पोचवणार, असं त्यांचं म्हणणं. काल ते सगळे माझ्या कॉम्प्युटरपाशी जमले होते. आज त्यांनी अर्ज मागे घेतला.'

सुलेमानशेठनी झरीनला बाजूला सारलं आणि गेस्टबुक परत आणायला स्वतःच बटण दाबलं.

पडद्यावरून बोंबीलही गेले.